शिकू

साठीला मी पहिल्यांदा कुत्र्याला हात लावला.
त्याआधी लोकमान्यनगरात रात्रपाळीहून परतताना
पर्समध्ये ग्लुकोज बिस्किटं असायची, लाच म्हणून.
लांबूनच फेकायची, आणि मग पलीकडच्या कडेने घर.

मकरंदने पुण्याहून यादी पाठवली.
लॅब्रडॉर: प्रेमळ, पण मावशी, तुला ओढत नेईल.
बीगल: गोड, ऐकणार मात्र नाही.
पामेरियन: भुंकेल. सगळ्यांवर. तुझ्यावरसुद्धा.

महूच्या रस्त्यावर, पंक्चरवाल्याच्या मागे,
पोत्यावर चार पिल्लं होती, यादीत कुठेच नसलेली.
तिघं माझ्या पदराला लोंबकळली.
चौथी कूलरची वायर चावत होती,
प्लग काढलेला होता म्हणून वाचली.
म्हटलं, ही आमच्या खात्यातली.
चौतीस वर्षं मी टेलिफोनमध्ये होते.

रंग आटीव दुधाचा,
त्यात केशर घालता घालता कुणीतरी हात आखडलेला.
म्हणून शिकंजी.
हाका मारून मारून शिकू.

पहिला धडा, बस.
ती उठून निघून गेली.
पुन्हा बस. पुन्हा माझ्याकडे पाठ.
आठवड्याने उलगडा झाला:
खालचे पाटीदार भिया, ती पायजम्यावर उडी घेते तेव्हा
दोन्ही हात वर करून ओरडतात,
बस, बेटा, बस!
तिच्या लेखी बस म्हणजे पुरे झालं, चालू लाग.
चूक कुणाचीच नाही. या गावात
आमचा अर्धा शब्दकोश
दुसऱ्याच अर्थाने शेजाऱ्यांकडे राहायला आहे.

मग आई म्हणायची तसं म्हणून पाहिलं: बैस.
पाटावर बोलावल्यासारखं, ऐ जरा लांबवून.
बसली.
मीही बसले, मोरीच्या उंबऱ्यावर, गुडघा कुरकुरला,
आणि बक्षिसाचा चणा
गडबडीत मीच खाल्ला.

थांब सोपं गेलं.
तेच तर माझं काम.
होल्ड रखिए, लाइन व्यस्त है,
उज्जैन होल्ड, खंडवा बोलिए,
रतलाम, तीन मिनट हो गए.
आवाजात ते अजून आहे.
वाटी पुढ्यात ठेवून थांब म्हटलं
आणि कोपऱ्यावर कचरागाडीचं गाणं सुरू झालं.
मी जिना उतरले, ओला वेगळा, सुका वेगळा देऊन
पाटीदारांशी दोन शब्द बोलून वर आले.
ती लाळेच्या थारोळ्यात
तशीच.
मला माझी लाज वाटली.

फिरायला जाताना खिशात जुने वर्तमानपत्र असते.
वाकते, उचलते, पुडी बांधते.
निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते,
मॅडम आता फक्त आराम करतील.

अडलं ते ये वर.
मैदानाच्या त्या टोकाला ती, या टोकाला मी,
मधे दोरी नाही,
आणि माझ्या तोंडून निघतं, या.
इकडे या.
तिने मान तिरकी केली, जशी
चुकीचा नंबर लागल्यावर माणसं गप्प होतात.
साहेबांना या, लाइनमनला या,
मकरंदच्या बायकोला या.
ये म्हणावं अशी शेवटची आईच.
तेव्हापासून तो शब्द
वरच्या फळीवर.

रात्री भांडी घासताना नळ सोडून सराव केला.
ये. ये गं. येतेस?
नळाखाली कुणाला ऐकू जात नाही.

परवा फाटक उघडं राहिलं.
सेवेच्या रिकाम्या पुडीमागे ती थेट रस्त्यात,
आणि वळणावरून रिक्षा.
ये, मेले, ये!
मेले कुठून आलं कोण जाणे, धड्यात नव्हतं.

आली.
पुडीसकट.
दातांत घट्ट धरून माझ्याकडे बघत उभी.

सोड अजून घ्यायचं आहे.